मातीची गाडी आणि दगडाचे सांधे

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'च्या सहाव्या अंकाच्या आरंभी एक लहान मूल रडत असते. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या श्रीमंत घरातील मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळलेला असतो. ती गाडी तो मुलगा परत घेऊन जातो. दासी रदनिका रोहसेनाला मातीची गाडी करून देते, पण त्याला ती नको असते. वसंतसेना आपले दागिने अंगावरून उतरवते, त्या मातीच्या गाडीत भरते आणि यातून सोन्याची गाडी करून घे म्हणून सांगते. नाटकाला नाव मिळाले ते या एवढ्याशा प्रसंगावरून. मराठी रसिकाला हे नाटक देवलांच्या 'संगीत मृच्छकटिका'मुळे घरचेच वाटते. पण दहा अंकांच्या आणि राज्यक्रांतीपर्यंत पोचणाऱ्या या प्रकरणाला नाटककाराने एका खेळण्याचे नाव का दिले असावे, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो.

आमच्यापुढे तो प्रश्न आला तो वेगळ्याच वाटेने. खेळण्यातल्या आगगाड्यांचा छंद असणारी प्रौढ माणसे जगभर आहेत. त्यांच्या बोलण्यात आणि लिहिण्यात गेली कित्येक वर्षे एक मागणी पुन्हापुन्हा येते : दुरून चालवता येणारी गाडी हवी, पण ती टिकाऊ हवी. दातेरी चाके धातूची असावीत, डबे जोडणारे आकडे चार दिवसांत तुटू नयेत, गाडी पडली तर तिचा चुरा होऊ नये, बिघडली तर उघडता यावी. वरवर पाहता ही मागणी हौशी आणि सुखवस्तू वाटते. रोहसेनाचेही रडणे कोणाला तसेच वाटले असते. परंतु त्या रडण्याच्या मुळाशी एक मूल्य होते, आणि या मागणीच्या मुळाशीही एक आहे असे आम्हांस वाटते. ते कोणते, हे शोधण्याचा हा प्रयत्न.

आमचे गाव चारठाणा. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातले हे गाव जुन्या मंदिरांसाठी, पायऱ्यांच्या बारवेसाठी आणि उंच कोरीव स्तंभासाठी अभ्यासकांना ठाऊक आहे. आगगाडीसाठी ते कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. कारण गावात आगगाडी नाही. ती पाहायची तर सेलू किंवा परभणी गाठावे लागे, आजही लागते. निजामाच्या हमीच्या रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबादकडे जाणारा मार्ग टाकला तो मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर ठेवणारा. आमच्या बालपणी सेलूच्या स्थानकावर जी गाडी येई ती या अरुंद रुळांवरची. गावाकडच्या मुलाला ती जेवढी मोठी वाटे तेवढी मोठी वस्तू त्याने दुसरी पाहिलेली नसे. घरी परतल्यावर रिकाम्या काडेपेट्या दोऱ्यात ओवून जी गाडी होई, तिच्यात त्या मोठेपणाचा काही अंश उतरावा एवढीच धडपड असे.

१९८० च्या दशकात केव्हातरी आमच्या मामांनी शहरातून एक बॅटरीची आगगाडी आणली. इंजिनाला एक तार जोडलेली होती आणि तारेच्या टोकाला दोन बटणांची डबी. आम्ही तिला रिमोटच म्हणत असू. गाडी तीन आठवडे चालली. मग इंजिनातून नुसता घरघराट येऊ लागला आणि चाके फिरेनाशी झाली. मामांनी ती घड्याळे दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडे नेली. त्यांनी भिंग डोळ्याला लावले, इंजिन चारी बाजूंनी फिरवून पाहिले आणि विचारले, "मामा, हे उघडायचं कुठून?" इंजिनाला एकही स्क्रू नव्हता. दोन्ही अर्धे भाग चिकटवलेले होते. शेवटी त्यांनी पात्याने ते फोडले. आतली मोटर ठणठणीत होती. मोटरच्या दांड्यावर बसवलेले प्लास्टिकचे इवलेसे दातेरी चाक मात्र उभे चिरले होते. चाक बदलायला चाक नव्हते, आणि असते तरी फोडलेले इंजिन पुन्हा जुळणारे नव्हते.

"हे उघडायचं कुठून?" हा प्रश्न आमच्या मनात राहिला. खेळण्याच्या टिकाऊपणाचा सगळा इतिहास या प्रश्नाभोवती मांडता येतो, हे कळायला मात्र पुढे बरीच वर्षे जावी लागली.

महाराष्ट्राच्या भूमीतील चाकांच्या प्रतिकृतींचा इतिहास मागे न्यावा तर तो फार दूर जातो. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली चार कांस्यमूर्ती सापडल्या : दोन बैल जुंपलेला आणि सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्या चाकांवरून ओढता याव्यात अशी त्यांची घडण आहे. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरते. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बहुतेक जण त्यांना उत्तर हडप्पा काळातील मानतात. त्या खेळण्यासाठी नसून मिरवणुकीसाठी असाव्यात असेही अनुमान आहे, आणि त्यांचे वजन पाहता ते पटते. पण मोठ्या वाहनाची लहान प्रतिकृती करावी, ती चालती असावी आणि पिढ्यांना पुरावी ही इच्छा या मातीत किती जुनी आहे, याची ती साक्ष आहे.

याच्या अगदी उलट टोकाला पोळ्याचा मातीचा बैल आहे. कुंभार तो करतो, घरोघरी त्याची पूजा होते, आणि मग तो विसर्जित होतो किंवा मुलांच्या हाती पडून मोडतो. कोणी हळहळत नाही. पुढच्या वर्षी नवा बैल येणार असतो, तोही त्याच मातीतून. विदर्भातल्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी चाकांवर असतो आणि वर्षानुवर्षे माळ्यावरून खाली उतरतो. म्हणजे आपल्या परंपरेत टिकण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदत आल्या. एकीत वस्तू टिकते. दुसरीत वस्तू मोडते, पण ती करणारा हात आणि ती ज्यातून होते ती माती टिकते. रदनिकेची गाडी या दुसऱ्या रीतीतली. ती मोडली असती तर तिने तासाभरात दुसरी केली असती. रोहसेनाला हे कळण्याचे वय नव्हते.

आगगाडीचे खेळणे आपल्याकडे आले ते मात्र कारखान्यातून, आणि त्याची कुळकथा युरोपातली आहे. जर्मनीतील गॉपिंगेन येथील मार्कलिन या कंपनीची स्थापना १८५९ ची. तिने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत चावीची आगगाडी मांडली, आणि तिच्यासोबत ठरावीक मापाचे, एकमेकांत बसणारे रूळ. इतिहासाच्या दृष्टीने गाडीपेक्षा रुळांचे महत्त्व अधिक आहे. तोपर्यंत खेळण्यातली गाडी म्हणजे एक सुटी वस्तू होती. माप ठरल्यावर ती एक व्यवस्था झाली : आज घेतलेल्या रुळाला पाच वर्षांनी घेतलेला रूळ जोडता येऊ लागला, बापाच्या गाडीला मुलाचा डबा लावता येऊ लागला.

इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली ज्या खेळण्याचे पेटंट घेतले ते पुढे मेकॅनो या नावाने मराठी घरांतही पोचले. भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, नट आणि बोल्ट एवढाच त्याचा संसार. याच हॉर्नबींनी १९२० साली आगगाड्या बाजारात आणल्या, तेव्हा पहिल्या गाड्याही नट-बोल्टने जोडलेल्या होत्या. मुलाने ती गाडी सुटी करावी आणि पुन्हा उभी करावी, हे तिच्या रचनेतच गृहीत धरलेले होते. आमच्या घड्याळदुरुस्तीवाल्या गृहस्थांचा प्रश्न तिच्यापुढे उद्भवलाच नसता.

तरीही तो काळ सुवर्णयुग होता असे मानण्याचे कारण नाही. धातूची म्हणून टिकाऊ, ही समजूत त्या काळातच खोटी ठरली. दोन महायुद्धांच्या दरम्यान खेळण्यांचे कारखाने जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग वापरू लागले. त्या जस्तात शिशाचा किंचित अंश राहिला तरी काही वर्षांनी धातू आतून खचू लागतो. कणाकणांच्या सीमेवर तो गंजतो, फुगतो, त्याला भेगा पडतात आणि शेवटी हातात भुगा येतो. संग्राहक याला जस्ताचा रोग म्हणतात. अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली अत्यंत शुद्ध जस्तापासून केलेला मिश्रधातू आणला तो यावरचा उपाय होता. पण शुद्ध जस्त वापरायचे तर कारखान्यात काटेकोरपणा हवा. भंगारातला एखादा शिशाचा तुकडा भट्टीत पडला तरी पुरे. त्यामुळे १९३० च्या दशकातल्या कित्येक गाड्या काचेच्या कपाटात, कोणी हात न लावताही, तडकल्या. खेळून मोडलेल्या गाडीचे दुःख वेगळे आणि न खेळता मोडलेल्या गाडीचे वेगळे. छंदिष्टांच्या टिकाऊपणाच्या मागणीला जी एक कडवट धार आहे, ती या अनुभवातून आलेली आहे.

१९३८ साली हॉर्नबी डब्लो ही लहान मापाची विजेची गाडी आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर खेळण्यातली आगगाडी मुख्यतः विजेची झाली. येथून नियंत्रणाचा इतिहास सुरू होतो, आणि टिकाऊपणाचा प्रश्न नवे रूप घेतो. थोडा तांत्रिक तपशील येथे अटळ आहे. वाचकांनी तो सहन करावा.

सर्वांत रूढ जुन्या पद्धतीत दोन्ही रुळांत बारा व्होल्टपर्यंतची एकदिश वीज सोडली जाई. वीज वाढवली की गाडी वेगाने धावे, दिशा उलटवली की मागे जाई. गाडीत मोटरखेरीज फारसे काही नसे. उणीव एवढीच की एका रुळावर दोन इंजिने असतील तर दोन्ही एकदमच चालत. १९८० च्या दशकात मार्कलिनने डिजिटल नियंत्रण आणले, आणि त्यानंतरच्या दशकात अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने लेंझ या जर्मन कंपनीच्या पद्धतीवर आधारलेले सामाईक मानक स्वीकारले. या पद्धतीत रुळांत वीज कायम असते आणि त्या विजेच्याच स्पंदनांत संदेश गुंफलेला असतो. प्रत्येक इंजिनाला एक क्रमांक आणि आत एक चिप. आपल्या क्रमांकाचा संदेश आला की चिप मोटरला आज्ञा देते. एका रुळावर दहा गाड्या स्वतंत्र चालू शकतात. पण आता रुळावर धूळ बसली तर वीज खंडित होते आणि तिच्याबरोबर आज्ञाही हरवते.

म्हणून तिसरा मार्ग निघाला : बॅटरी गाडीतच ठेवायची आणि आज्ञा रेडिओलहरींनी पाठवायची. रूळ मग नुसते रूळ राहतात. बागेत, उन्हापावसात गाडी चालवणाऱ्यांनी हा मार्ग विशेष उचलला. जर्मनीतील लेमान कंपनीने १९६८ साली बागेसाठी ४५ मिलिमीटर रुळांची मोठ्या मापाची गाडी आणली होती, आणि तिचे दणकटपण हाच तिचा लौकिक होता. वैशाखात जिंतूर-सेलूकडची धूळ ज्याने पाहिली आहे, त्याला रुळांतून वीज न नेण्याचे शहाणपण समजावून सांगावे लागणार नाही. स्वस्त खेळण्यांत मात्र रेडिओऐवजी पुष्कळदा अवरक्त किरणांचा रिमोट असतो, टीव्हीच्या रिमोटसारखा. तो बंद खोलीत चालतो. अंगणातल्या लख्ख उन्हात गाडी त्याचे ऐकत नाही, आणि मध्ये मांजर आडवे बसले तरी ऐकत नाही.

या प्रगतीतून एक विचित्र परिणाम घडला. मोटर सुधारली, धातू सुधारला, पण वस्तूचा नाजूकपणा नाहीसा झाला नाही. तो चाकांतून निघून चिपमध्ये, बॅटरीत आणि रिमोटमध्ये जाऊन बसला. १९३० ची चावीची गाडी आज तेलाच्या दोन थेंबांनी धावू शकते. कालपरवाची गाडी रिमोट हरवला म्हणून निकामी होते. लेगो या डॅनिश कंपनीचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. तिच्या विटांचा सांधा १९५८ साली ठरला; त्या वर्षीची वीट आजच्या विटेत बसते. पण तिच्याच आगगाड्यांचे नियंत्रण पाहा : १९९१ मध्ये धातूच्या रुळांतून नऊ व्होल्ट, २००६ मध्ये बॅटरी आणि अवरक्त रिमोट, २०१० च्या सुमारास पुन्हा नवी अवरक्त पद्धत, २०१८ मध्ये ब्लूटूथ. एकाच घरातल्या एकाच खेळण्यात सांधा साठ वर्षांहून अधिक टिकला आणि आज्ञा देणारी व्यवस्था सत्तावीस वर्षांत चार वेळा बदलली. छंदिष्टांची तक्रार नेमकी येथे आहे. नवे नको असे ते म्हणत नाहीत. नव्याने जुन्याशी सांधा राखावा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

आपल्याकडे हा छंद कोणी कसोशीने जोपासला असे विचारले तर पुण्याच्या भाऊ जोशींचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्यांनी आधी ठिकठिकाणी नेऊन मांडता येईल असे छोट्या रेल्वेचे प्रदर्शन केले आणि पुढे १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडमध्ये लघुरेल्वेचे कायमस्वरूपी संग्रहालय सुरू झाले. डोंगर, पूल, घरे, सिग्नल यांनी गजबजलेल्या छोट्या नगरातून तेथे गाड्या आपापल्या वेळापत्रकाने धावतात. फिरते प्रदर्शन ज्याने एकदा उभारले आणि उतरवले असेल त्याला सांध्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही; प्रत्येक उतरवणीत रुळांची टोके वाकतात, तारा तुटतात, खोक्यातून नेताना इंजिने आदळतात. आणि संग्रहालयात तर गाडीला रोज धावायचे असते. हौशी माणसाच्या घरात आठवड्यातून तासभर चालणारे इंजिन येथे वर्षभर राबते. टिकाऊपणाची खरी परीक्षा अशा ठिकाणी होते.

गमतीची गोष्ट अशी की महाराष्ट्रात 'टॉय ट्रेन' म्हटले की लोकांना आठवते ती खरी गाडी. नेरळ-माथेरान मार्ग १९०७ साली सुरू झाला, दोन फूट रुंदीच्या रुळांवर. डोंगरातली वळणे इतकी तीव्र की साधे इंजिन तेथे अडले असते. म्हणून वळणावर आसांना थोडे सरकता यावे अशी रचना असलेली इंजिने जर्मनीहून आणली गेली. खेळण्यातल्या गाडीचाही हाच पेच असतो : खोलीत मावायचे तर वळण तीव्र हवे, आणि वळण तीव्र असले की गाडी घसरते. माथेरानचा मार्ग २००५ आणि २०१९ च्या पावसांनी उखडला, आणि दोन्ही वेळा दुरुस्त झाला. नेरळपासून माथेरानपर्यंत गाडी पुन्हा धावू लागली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. पुण्याच्या पेशवे उद्यानातली 'फुलराणी' १९५६ ची. पुण्यात वाढलेल्या किती पिढ्यांचा पहिला रेल्वेप्रवास तिच्यातून झाला असेल. या दोन्ही गाड्या टिकल्या त्या मोडल्या नाहीत म्हणून नव्हे. मोडल्यावर त्या पुन्हा उभ्या करता आल्या, आणि कराव्यात असे लोकांना वाटले.

भारतीय छंदिष्टाची आणखी एक अडचण आहे, आणि ती मापाची आहे. जगात सर्वाधिक रूढ असलेल्या मापात खरी गाडी सत्त्याऐंशी पटींनी लहान केलेली असते. युरोपातील प्रमाण रूळ १४३५ मिलिमीटरचे, त्यांना सत्त्याऐंशीने भागले की साडेसोळा मिलिमीटर येतात. बाजारात रूळ मिळतात ते या मापाचे. भारतीय ब्रॉड गेज मात्र १६७६ मिलिमीटरचे. त्यांची लहान प्रत एकोणीस मिलिमीटरांहून थोडी अधिक व्हायला हवी. तसे रूळ विकत मिळत नाहीत. म्हणून आपल्या डेक्कन क्वीनची प्रतिकृती करायची तर ती परक्या मापाच्या रुळांवर, थोडी अवघडून उभी राहते. पण मीटर गेजचे तसे नाही. हजाराला सत्त्याऐंशीने भागले की साडेअकरा येतात, आणि डोंगरी युरोपातील अरुंद मार्गांच्या प्रतिकृतींसाठी बारा मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. म्हणजे ज्या गाडीने आमच्या बालपणी सेलूचे फलाट हादरत, तीच गाडी सर्वाधिक खरेपणाने टेबलावर उतरू शकते.

हे लिहिताना मन थोडे थबकते, कारण ती गाडी आता कोठेच नाही. मनमाड-परभणी मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला. पूर्णा-अकोला हा हिंगोली-वाशीमवरून जाणारा मार्ग २००८ साली रुंद होऊन सुरू झाला आणि परभणी जिल्ह्यातून मीटर गेज कायमचे गेले. हे होणे आवश्यकच होते. अरुंद रुळांमुळे मराठवाड्याचा माल मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे, आणि या अडसराची किंमत या प्रदेशाने अनेक दशके मोजली. रुंदीकरणासाठी येथल्या लोकांनी आंदोलने केली. मीटर गेजबद्दल उमाळे काढणाऱ्याने हे विसरू नये. पण जे जाणे इष्ट होते त्याचीही आठवण राहावी असे वाटणे गैर नाही. वायजी वर्गाचे एखादे इंजिन कोठे चबुतऱ्यावर रंगवून उभे केलेले दिसते. ते चालत नाही. चालताना ते कसे दिसे, हे पुढच्या पिढीला दाखवायचे तर छोटी प्रतिकृतीच कामी येणार. आणि जी वस्तू आठवणीचे ओझे वाहणार, ती तीन आठवड्यांत मोडून चालत नाही. आमच्या मते छंदिष्टांच्या मागणीतले गांभीर्य येथे आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्या तालुक्यात अजून खरी आगगाडी आली नाही, तेथे खेळण्यातल्या गाडीच्या दातेरी चाकांची चिंता करावी हे शोभते काय? आम्ही स्वतःला हे विचारले आहे. आमचे उत्तर असे की महागडी युरोपीय प्रतिकृती घेणाऱ्याचे नुकसान थोडे होते. त्याला सुटे भाग मागवता येतात, कंपनीशी वाद घालता येतो. खरे नुकसान होते ते जत्रेत दीडदोनशे रुपयांची गाडी घेणाऱ्या बापाचे. तिच्यात जे भाग पहिल्यांदा मोडतात, ते दहा-वीस रुपये अधिक खर्चून दणकट करता आले असते, अशी हळहळ हाताने दुरुस्ती करणारा कोणीही व्यक्त करील. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा आदेश २०२० चा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक झाले. त्याच २०२० साली खेळण्यांवरील आयातशुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्के आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के झाले. चिन्हामागच्या कसोट्या मुलाच्या सुरक्षिततेच्या आहेत : टोक बोचू नये, सुटा भाग गिळला जाऊ नये, वीज अंगावर येऊ नये. त्या हव्यातच. पण खेळणे किती दिवस चालावे, त्याला उघडायला स्क्रू असावा की नसावा, हा त्यांचा मुख्य विषय नव्हे. सुरक्षितता ही कायद्याची बाब झाली. आयुष्य ही अजून दैवाची बाब आहे.

टिकाऊपणा म्हणजे न मोडणे, असा अर्थ आपण सहज करतो. चारठाण्याच्या मंदिरांकडे पाहिले की तो अर्थ पुरेसा वाटत नाही. यादवकालीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सामान्यतः हेमाडपंती म्हटल्या जाणाऱ्या या बांधणीत दगडात दगड बसवलेले असतात, चुन्याचा आधार न घेता. खाच आणि खुंटी, वजन आणि तोल यांवर सारे उभे. त्यामुळे एखादी बाजू खचली तर दगडांना क्रमांक घालून ती उतरवता येते आणि पुन्हा चढवता येते; जुन्या वास्तूंच्या जतनात ही रीत सर्वत्र वापरली जाते. ज्याने तो सांधा घडवला त्याने, शेकडो वर्षांनी येणाऱ्या अनोळखी गवंड्यासाठी, आपले काम उघडे ठेवले होते. पट्ट्यांना नट-बोल्ट लावणाऱ्या हॉर्नबींनी एका मुलासाठी तेच केले.

अशा रीतीने टिकण्याचे तीन प्रकार दिसतात. पोळ्याचा मातीचा बैल मोडतो आणि मातीत मिळून पुन्हा उभा राहतो. मंदिराचा दगड सुटतो आणि पुन्हा सांध्यात बसतो. तिसरा प्रकार म्हणजे आमच्या मामांनी आणलेली गाडी. ती मातीत मिळत नाही आणि सांध्यातही बसत नाही. ती नुसती पडून राहते. तिचे प्लास्टिक टिकते, खेळणे मात्र संपते. टिकाऊ आणि निरुपयोगी ही दोन्ही विशेषणे एकाच वस्तूला एकाच वेळी लागावीत, हे आपल्या काळाचे खास देणे आहे. छंदिष्टांना हवी असलेली गाडी यातल्या दुसऱ्या प्रकारात मोडते. तिला सांधे असावेत, ते दिसावेत आणि गावातल्या दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताला ते कळावेत.

वसंतसेनेने मातीच्या गाडीत भरलेल्या दागिन्यांचे पुढे काय झाले, हे नाटक वाचलेल्यांना आठवत असेल. तिला ते परत करायला निघालेल्या मैत्रेयाच्या जवळून नवव्या अंकात, ऐन न्यायालयात, ते खाली पडतात आणि चारुदत्तावरील खुनाच्या आरोपाचा पुरावा ठरतात. सोन्याची गाडी कधी घडलीच नाही. मुलाचे रडणे थांबवणाऱ्या त्या सोन्याने बापाला सुळापर्यंत नेले. नाटकाच्या नावात राहिली ती मातीचीच गाडी, रदनिकेने हाताने केलेली.

मामांची ती गाडी आम्ही बरीच वर्षे जपून ठेवली होती. घर बदलताना ती सापडली तेव्हा फोडलेले इंजिन होते तसेच होते, फक्त रंग थोडा उडाला होता. आता छोटी दातेरी चाके पितळेची मिळतात, आणि ज्याला हवे त्याला छापूनही घेता येतात. चाक मिळाले. ते दांड्यावर घट्ट बसले आणि मोटर फिरलीही. पण वरचे दोन अर्धे भाग एकमेकांवर काही बसेनात. ज्या वस्तूला उघडण्याची जागा ठेवलेली नसते, तिला मिटण्याचीही जागा उरत नाही. शेवटी आम्ही ते दोऱ्याने बांधले, काडेपेट्यांची गाडी बांधीत असू तसेच, आणि तिला ओसरीवर सोडले. ती भिंतीपर्यंत गेली.